विकारी

केसपेपरवर लिहिलं होतं: क्रॉनिक अल्सर, डावा पाय.
अन्सेल्म किणी, वय अठ्ठ्याहत्तर, माथारपाखाडी, माझगाव.
त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला, म्हणाले,
"सिस्टर, हे विशेषण शेपटीवाचून फिरतंय."

मी सिस्टर नाही, ड्रेसर आहे.
महापालिकेचा दवाखाना, खोली नंबर नऊ,
खिडकीत गोदीच्या क्रेनची नुसती मान.
सात वर्षं, मंगळवारी आणि शुक्रवारी,
मी बुटक्या स्टुलावर, त्यांचा पाय समोरच्या पाटावर.
गॉज सलाइनने भिजवायचं, थांबायचं, ओढायचं नाही.
त्या थांबण्यात ते लॅटिन म्हणत.
चाळीस वर्षं शिकवलं होतं, वर्ग बंद पडेपर्यंत.
शेवटच्या साली दोनच मुलगे, त्यातला एक झोपायचा.

"मोर्बुस क्रोनिकुस. टुसिस क्रोनिका. उल्कुस क्रोनिकुम."
आजार जुना, मी म्हटलं. खोकला जुना.
"नाही, खोकला ती."
आमच्यात तो.
"रोममध्ये ती," ते म्हणाले, आणि स्वतःच खोकले.
"आणि हे पायावरचं?"
दुखणं. जुनं.
"बरोब्बर! नपुंसकलिंगी, एकवचन."
शाबासकी मिळाल्यासारखा माझा चिमटा वर थांबला.

शब्द मुळात ग्रीकांचा. काळाचा, काळाला चिकटलेला.
रोमनांकडे घरचा शब्द होता, लांब आजार म्हणत,
तरी उसना घेतला, भारी वाटतो म्हणून.
पण ग्रीकांचा ख लिहायला त्यांच्याकडे अक्षर नव्हतं,
क-च्या मागे ह बांधला, पट्टी बांधावी तसा.
आपल्याकडे अख्खा ख आहे, खोकल्यातला, जखमेतला.
तो वापरायचा सोडून आपण म्हणतो क्रॉनिक,
साहेबाकडून, शेपूट छाटून.

मी सांगितलं, शाळेत आम्हाला होतं:
नामाप्रमाणे बदलतं ते विकारी विशेषण.
"विकारी?" ते इतके हसले की पाय हलला, रक्त आलं.
"म्हणजे रोगी?"
नाही, बदलणारं. नाम वाकलं की त्यालाही वाकावं लागतं.
जुना, जुनी, जुनं. मग जुन्या आजाराला,
जुन्या जखमेला, जुन्या दुखण्याला. तिघांना एकच जुन्या.
आणि बाहेरच्या फळ्यावर लिहिलंय ते जुनाट?
ते अविकारी. जुनाट खोकला, जुनाट जखम,
कुणासाठी हलत नाही.
"माझ्या सासऱ्यासारखं," ते म्हणाले.

या मार्चमध्ये जखम मिटली.
कांद्याच्या पापुद्र्याएवढी कातडी, गुलाबी, चकाकणारी.
मी खाली लिहिलं: ड्रेसिंग बंद.
शुक्रवारी ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून,
पाटावर पाय ठेवून बसले.
अहो किणीसर, आता काय?
"नाम गेलं. विशेषण उरलंय."
मी उगाच कोमट पाण्याने पाय पुसला.
"चालतं तसं," ते म्हणाले, "एकटं विशेषणही उभं राहतं.
अनेकवचनात घ्या, नपुंसकलिंगीच: क्रोनिका.
काळाची कायकाय. म्हणजे बखर."
पण क्रोनिका तर ती खोकलेवाली.
"रूप तेच. कुठली ते शेजारचं क्रियापद सांगतं."

त्यानंतर आले नाहीत. बरं आहे, असं मी धरून चालते.
त्यांचे पेपर मी दोऱ्याने बांधले, सात वर्षांचे, वीतभर उंच,
माझ्याच अक्षरात: स्वच्छ केलं, पट्टी केली,
स्वच्छ केलं, पट्टी केली.
रेकॉर्डरूमच्या माणसाने विचारलं, हे काय लिहू?
बखर, मी म्हटलं. त्याने लिहिलं: जुने पेपर.

संध्याकाळी स्टुलावरून उठताना
एक हात भिंतीला, एक मागे, मणक्यावर.
एकोणीस वर्षं. या कंबरेचा केसपेपर नाही कुठे.
कंबर: स्त्रीलिंगी, एकवचन.
म्हणून बघितलं एकदा, ख लावून:
ख्रोनिका.
मग दिवा बंद केला.
उंच स्टुलाचा अर्ज अजून ऑफिसात आहे.